परवडणाऱ्या आरोग्य-उपकरणांवर काम करायचं आहे, पण प्रदर्शनाच्या टेबलापुढे गाडी सरकत नाही

इन्स्ट्रुमास्तर

नमस्कार मंडळी,

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. पीएचडी सिग्नल प्रोसेसिंगमधली. आता पुढची वर्षं आजारी आणि अपंग माणसांना परवडतील अशा उपकरणांवर घालवावीत असं मनापासून वाटतंय. पण घोडं अडतंय.

दरवर्षी शेवटच्या वर्षाची पोरं तेच तीन विषय घेऊन दारात उभी राहतात. अंधांसाठी अल्ट्रासॉनिक काठी, खाणाखुणा ओळखून बोलणारा हातमोजा, नाहीतर डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी व्हीलचेअर. पोरं मेहनती असतात, त्यात खोट नाही. प्रदर्शनात टाळ्या पडतात, एखादं बक्षीस मिळतं, आणि मग ते यंत्र प्रयोगशाळेच्या कपाटात जाऊन बसतं. पुढच्या वर्षी नवी बॅच, नवा सेन्सर, काठी तीच.

विभागातले ज्येष्ठ म्हणतात की स्वस्त वस्तू बनवण्यात संशोधन कसलं, यात पेपर निघत नाहीत. शिवाय दवाखान्यातल्या लोकांशी आपली ओळखपाळख नाही. विचारायचं कुणाला, आणि आपण गेलो तर ते उभं तरी करतील का, हेही कळत नाही.

ज्यांनी या वाटेवर प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगावं. विषय निवडायचा कसा? आणि कपाटात न जाणारं काही बनवायचं तर पहिलं पाऊल कोणतं?

स्क्रूड्रायव्हर

मी मोठ्या रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. माझं ऐकाल तर पहिलं वर्ष काहीच बनवू नका. आमच्या भांडारात येऊन नुसती बंद पडलेली यंत्रं बघा.

ड्यूक विद्यापीठाच्या रॉबर्ट मॅल्किन आणि लोरा पेरी यांनी 2011 मध्ये 16 देशांतल्या एक लाखाहून जास्त वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या होत्या. सुमारे 38 टक्के बंद. कारणं सगळीकडे साधारण तीच: चालवायला शिकवलेलं नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज आणि सुटे भाग यांची बोंब. मॅल्किन यांचंच त्याआधीच्या वर्षाचं काम आणखी कामाचं आहे. गरीब देशांतल्या रुग्णालयांतून आलेल्या दुरुस्तीच्या 2,849 मागण्या त्यांनी चाळल्या. त्यांतून असं दिसलं की 107 साधी कौशल्यं येत असतील तर बंद यंत्रांपैकी सुमारे 66 टक्के यंत्रं बाहेरून सुटे भाग न मागवता चालू होऊ शकतात. फ्यूज, प्लग, गळकी नळी, बॅटरी, साफसफाई, सेटिंग चुकीचं, असलीच कामं.

माझ्या अनुभवातलं एक सांगतो. मॉनिटर ठणठणीत असतो. मेलेली असते ती बोटाला लावायच्या सेन्सरची वायर, आणि तीही बहुतेक वेळा क्लिपमधून बाहेर पडते त्या वळणावरच. तिथे दिवसभर पीळ बसतो, बेड सरकवताना चाकाखाली येते, कुणीतरी ओढते. नवी वायर त्याच कंपनीची लागते, कारण दुसऱ्याची पिन बसत नाही. एका वायरपायी अख्खं यंत्र झाकण घालून कोपऱ्यात. तुमची पोरं त्या वळणावर टिकेल असा ताण झेलणारा भाग करू शकली, तरी आमचा वॉर्ड त्यांचं नाव घेईल. त्याला बक्षीस मिळणार नाही हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

तरफ

मी यंत्र अभियांत्रिकीची मास्तरीण. निम्मी नोकरी व्हीलचेअर आणि कृत्रिम पाय यांच्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागणार. सवडीने वाचा.

स्क्रूड्रायव्हर यांच्याशी पुष्कळशी सहमत. भांडारात जाच. पण 'काहीच बनवू नका' हे मला पटत नाही. हातात काही नसताना गेलं की डॉक्टर आणि नर्स सौजन्याने बोलतात आणि कामाला लागतात. ओबडधोबड का होईना, नमुना टेबलावर ठेवला की मग खरं बोलणं निघतं: "हे इथून धरताच येत नाही हो."

आता परवडणं म्हणजे काय, यावर माझं मत थोडं कडवट आहे. पोरं सुट्या भागांच्या किमतींची बेरीज करतात आणि खाली लिहितात, बाजारातल्यापेक्षा दहापट स्वस्त. त्या बेरजेत चाचण्या नसतात, शिकवणारा माणूस नसतो, दुरुस्ती नसते, दोन वर्षांनी बॅटरी बदलायला लागणार हे नसतं. वापरणाऱ्याच्या वाट्याला येतो तो खर्च सगळा या सुटलेल्या गोष्टींतच असतो.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे बबल सीपॅप. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं श्वास सोडला की मिटतात, ती उघडी ठेवणारा स्राव पुरेसा तयार झालेला नसतो. म्हणून नाकातून हवेचा हलका दाब सतत द्यायचा. महागड्या यंत्रात हा दाब झडपा आणि इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतात. बबल सीपॅपमध्ये उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवतात. सहा सेंटिमीटर बुडवलं की दाब सहा सेंटिमीटर पाण्याइतका. वाढवायचा तर नळी खाली सरकवा. आणि बुडबुडे यायचे थांबले की जवळून जाणाऱ्या नर्सला न बोलता कळतं, कुठेतरी गळती आहे किंवा नाकातली नळी निसटलीये. पातळी दाखवणारं यंत्र आणि धोक्याची सूचना, दोन्ही एका बाटलीत.

राइस विद्यापीठाच्या रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम आणि मारिया ओडेन यांच्या विद्यार्थ्यांनी याची स्वस्त आवृत्ती केली. सुरुवातीच्या नमुन्यात माशांच्या टाकीला लावतात ते पंप होते. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. यातून मिळणारा दाब रुग्णालयात वापरात असलेल्या यंत्राइतकाच आहे का, हे मोजलं. मग मलावीतल्या ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये तिथल्या डॉक्टर-नर्सेसबरोबर वापरून पाहिलं. 2014 मध्ये छापून आलेले आकडे असे: श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या नवजात बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवर 44 टक्के जगली, बबल सीपॅपवर 71 टक्के. अभ्यास लहान होता आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हेही लक्षात ठेवा.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कुणी सांगत नाही, आणि माझ्या वर्गात मी तीच आधी सांगते. त्याच मलावी देशात, सलीमा जिल्हा रुग्णालयात, तीव्र न्यूमोनिया झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांवर बबल सीपॅपची मोठी चाचणी झाली. ही मुलं कुपोषित, एचआयव्हीची लागण झालेली किंवा ऑक्सिजन फार खाली गेलेली, म्हणजे आधीच नाजूक. या वेळी रीतसर चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. 2019 मध्ये निकाल आला. साध्या ऑक्सिजनवर 323 पैकी 35 मुलं गेली, बबल सीपॅपवर 321 पैकी 53. म्हणजे यंत्र लावल्यावर जास्त दगावली. तिथे अतिदक्षता विभाग नव्हता, डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती, आणि मुलं नवजात नव्हती.

मास्तर, आपल्या विषयाचं सगळं गाठोडं या दोन अभ्यासांच्या मध्ये आहे. पाण्याच्या दाबाचं गणित दोन्हीकडे तेच होतं. वॉर्ड वेगळा होता, रुग्ण वेगळे होते, रात्री जागं असणारं माणूस वेगळं होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना विचारते, तुमचं यंत्र रात्री तीन वाजता कोण बघणार? या प्रश्नाला उत्तर नसेल तर सर्किट कितीही सुबक असो, मी पुढची पायरी चढू देत नाही.

'यात संशोधन कसलं' म्हणणाऱ्या तुमच्या ज्येष्ठांना पल्स ऑक्सिमीटरबद्दल विचारा. तुमचाच विषय आहे. 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 चा अवरक्त प्रकाश बोटातून जातो, दोन्हींच्या धडधडणाऱ्या भागाचं गुणोत्तर काढायचं, आणि त्यावरून ऑक्सिजनची टक्केवारी वाचायची. पण गुणोत्तरावरून टक्केवारीकडे नेणारा जो तक्ता यंत्रात भरलेला असतो तो निरोगी स्वयंसेवकांवर मोजून केलेला असतो. त्या स्वयंसेवकांत गडद त्वचेची माणसं थोडी. 2020 च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्र 92 ते 96 दाखवत असताना प्रत्यक्ष धमनीतल्या रक्तात 88 च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के. ताकुओ आओयागी यांची मूळ कल्पना 1974 ची. जवळजवळ अर्धं शतक हे यंत्र काही माणसांना कमी अचूक आकडा देत राहिलं आणि मुख्य प्रवाहात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. कुणावर मोजलं हा प्रश्न सिग्नल प्रोसेसिंगचाही आहे आणि माणसांना सामावून घेण्याचाही. पेपर निघणार नाही म्हणतात? चांगले चार निघतील.

मंद्रसप्तक

मी जन्मांध आहे, स्क्रीन रीडरवरून हा धागा वाचतोय. काठीचा विषय निघालाच आहे तर बोलतो.

साधी पांढरी काठी फार हुशार वस्तू आहे. खड्डा, पायरी, ओली फरशी, रस्ता संपून माती लागली, सगळं टोकावरून हाताला कळतं. तुमच्या विद्यार्थ्यांचे सेन्सर मला हेच पुन्हा सांगतात, जरा उशिरा आणि बीप करून. आणि बीप तर नकोच. कान हे माझं रस्ता बघायचं साधन आहे. समोरून येणारी गाडी, भिंत जवळ आल्यावर बदलणारा पावलांचा आवाज, हे सगळं त्या बीपखाली झाकलं जातं.

काठीला कळत नाही ते कमरेच्या वरचं. रस्त्यावर लोंबणारी फांदी, उघडी राहिलेली खिडकी, उभ्या ट्रकचा मागचा भाग. ट्रकच्या खालून काठी सरळ निघून जाते, ट्रक मात्र तोंडाला भेटतो. कपाळावरच्या खुणा काही उगीच नसतात. आयआयटी दिल्लीत प्रा. एम. बालकृष्णन आणि प्रा. पी. व्ही. एम. राव यांच्या गटाने केलेली स्मार्टकेन नेमकी इथे कामाला येते. 2014 मध्ये ती बाहेर आली. अल्ट्रासॉनिकच आहे, पण गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचं तीन मीटरपर्यंतचं सांगते, आणि मुठीतल्या कंपनांनी सांगते. ती नेहमीच्या काठीच्या मुठीवर बसते. म्हणजे बॅटरी संपली तरी काठी हातात आहेच. इलेक्ट्रॉनिक्स गेलं म्हणून मी रस्त्याच्या मध्यात अडकत नाही. विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून निघालेली वस्तू बाजारात यायला त्यांना वर्षानुवर्षं लागली, आणि त्या काळात अंध माणसं चाचणीपुरती नव्हती, सुरुवातीपासून बरोबर होती.

तुमच्या पोरांना एकच विनंती. पाच मिनिटं डोळ्यांवर पट्टी बांधून "आम्हाला अंधत्व समजलं" असं म्हणू नका. पट्टी बांधल्यावर घाबरलेला डोळस माणूस कसा चालतो एवढंच त्यातून समजतं. एका महाविद्यालयाने मला त्यांची काठी घेऊन चालायला लावलं, भरपूर फोटो काढले, टाळ्या झाल्या. चार्जिंगचं छिद्र स्पर्शाने सापडत नाही एवढं मी सांगितलं. "पुढच्या आवृत्तीत करू" म्हणाले. पुढचं काही कानावर आलं नाही.

रोखठोक

सगळं छान आहे, पण मला या 'परवडणाऱ्या' प्रकाराचाच राग येतो. श्रीमंतांना झडपा आणि इलेक्ट्रॉनिक्स, गरिबांना पाण्याची बाटली. चांगली यंत्रं सगळ्यांना मिळावीत म्हणून भांडायचं सोडून मास्तर मंडळी जुगाडाला मखरात बसवतात. आणि कर्णबधिरांच्या हातमोज्याबद्दल कुणी का बोललं नाही?

तरफ

@रोखठोक, राग रास्त आहे, रोख थोडा चुकलाय. पाण्याची बाटली ही गरिबांची सोय नाही. बबल सीपॅप 1970 च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या रुग्णालयातही वापरतात, आणि तिथे ते पैसे नाहीत म्हणून वापरत नाहीत. जुगाडाला माझाही विरोध आहे. व्हीलचेअरसाठी आयएसओ 7176 नावाची चाचण्यांची मालिका आहे. तीत खुर्ची फिरत्या रुळांवर दोन लाख फेऱ्या चालवतात, मग उंचीवरून हजारो वेळा खाली टाकतात. स्वस्त खुर्चीला यातून सूट नाही. उलट तिने जास्त कडक चाचण्या द्याव्यात, कारण ती जाणार आहे तिथे रस्ते वाईट आहेत.

आणि स्वस्त करताना कधीकधी वस्तू मुळातूनच वेगळी होते. एमआयटीच्या एमॉस विंटर यांची तरफेवर चालणारी खुर्ची घ्या (माझं इथलं नाव तिच्यावरून नाही, पण असतं तरी चाललं असतं). नेहमीच्या व्हीलचेअरला चाकाची कडी ढकलायची, त्यात चढावर आणि मातीत खांदे जातात. इथे दोन उभे दांडे आहेत, सायकलची चेन आणि फ्रीव्हील. दांडा वरच्या टोकाला धरला की जोर जास्त मिळतो, खाली धरला की वेग. गिअर बदलायला यंत्र नाहीच, मूठ वर-खाली सरकवायची. भाग सायकलचे, त्यामुळे सायकल दुरुस्त होते तिथे हीही होते. पहिली आवृत्ती पूर्व आफ्रिकेत वापरायला दिली तेव्हा लोकांनी सांगितलं: बाहेर झकास, पण घरात जड आणि रुंद. मग ती अरुंद केली, हलकी केली. हे सगळं वापरणाऱ्यांनी करवून घेतलं.

हातमोज्याचं म्हणाल तर तो विषय मी माझ्या विभागात बंदच केलाय. 2016 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या हातमोज्याला मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा त्याच विद्यापीठातल्या सांकेतिक भाषा शिकवणाऱ्यांनी आणि भाषाशास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहिलं होतं. सांकेतिक भाषेचं व्याकरण चेहऱ्यावर, भुवयांत, मानेच्या हालचालीत आणि समोरच्या जागेत असतं. हातमोज्याला त्यातलं काही दिसत नाही. शिवाय अंगावर यंत्र चढवायचं कुणी, तर कर्णबधिराने. सोय कुणाची, तर ऐकू येणाऱ्याची.

आणि एक गोष्ट धाग्यात राहिली म्हणून सांगते. व्हीलचेअरबरोबर गादी. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला चुकीच्या गादीवर बसून जखम होते आणि कळतही नाही, त्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन माणूस जाऊ शकतो. खुर्चीवाटपाच्या कार्यक्रमात गादीचा फोटो चांगला येत नाही, म्हणून ती कुणाला आठवत नसावी! दाब समान वाटून देणारी, घाम न धरणारी, धुता येणारी, वर्षभर वापरूनही न दबणारी गादी. मास्तर, पोरांना विषय हवाय ना?

इन्स्ट्रुमास्तर

सगळ्यांचे आभार. @मंद्रसप्तक, चार्जिंगच्या छिद्राचं वाचून आमच्या कपाटातल्या काठ्या काढून बघितल्या. एकीलाही स्पर्शाची खूण नाही.

तूर्त ठरवलंय ते असं. या वर्षी दोन गट: एक सेन्सरच्या वायरीच्या त्या वळणावर, एक गादीवर. गादीच्या गटात दाब मोजणारी चादर लागेल, ते आमच्या विभागाला जमण्यासारखं आहे. पण गादी माणसांवर तपासायची तर परवानगीचं काय करायचं? आणि @स्क्रूड्रायव्हर, खरंच येऊ का?

तरफ

नीतिसमितीची परवानगी आधी, पहिला माणूस त्या गादीवर बसायच्या आधी. "फक्त बसून बघा" हीसुद्धा चाचणीच. तुमच्याकडे समिती नसेल तर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या फिजिओथेरपी किंवा पुनर्वसन विभागाला सहसंशोधक करून घ्या आणि त्यांच्या समितीकडून जा. अर्जात दोन गोष्टी ठळक लिहा: त्वचा दर किती वेळाने आणि कोण तपासणार, आणि चाचणी संपल्यावर गादी त्या माणसाकडेच राहणार की काढून घेणार. दुसऱ्याचं उत्तर 'काढून घेणार' असेल तर मी तरी सही करणार नाही. संवेदना नसलेल्या माणसावर पहिल्याच फेरीत जाऊ नका. आधी वजनाचे पुतळे, मग संवेदना असलेले लोक, मग थेरपिस्ट शेजारी असताना बाकीचे. जोखमीची नोंद आयएसओ 14971 च्या पद्धतीने पहिल्या दिवसापासून ठेवायला लावा. पोरं कुरकुरतील, पण पुढे कुणी ती गादी बनवायला घेतली तर हीच वही मागेल.

स्क्रूड्रायव्हर

या की. फक्त पाळी बदलायच्या वेळेला नको, तेव्हा नर्सेसना मान वर करायला फुरसत नसते. येताना मल्टिमीटर आणि फोर्सगेज आणा, वायर तुटायला किती ओढ लागते ते तिथेच मोजू. तुटलेल्या वायरी मी फेकत नाही, एका खोक्यात साठवून ठेवल्यात. कुठल्या वॉर्डातली, किती महिने चालली, हे प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून लिहिलंय. पोरांना तो खोका पूर्ण चाळू द्या, मग चित्र काढायला बसवा.